सायलेन्सरमधले फटाके आणि बंद केलेली हवेची नळी
मोटारसायकलीच्या ‘सेकंडरी एअर’ व्यवस्थेतील बिघाड कसा शोधावा?

कापडाचे गठ्ठे बांधून आठवडी बाजार गाठणारा फेरीवाला असो, नमुन्याचे तागे घेऊन दुकानोदुकानी फिरणारा दलाल असो, किंवा अवजारांची पिशवी घेऊन घरोघरी काम करणारा कारागीर असो, आज त्यांची रोजीरोटी मोटारसायकलीच्या दोन चाकांवर चालते. गाडी एक दिवस बंद राहिली तर त्या दिवसाची विक्री किंवा मजुरी बुडालीच म्हणून समजा. म्हणून गाडीच्या एका लहानशा भागाविषयी आज आम्ही वाचकांशी बोलणार आहोत. हा भाग ना फार महाग आहे, ना फार अवघड. परंतु त्याची माहिती नसल्याने गाडीमालकांचे पैसे आणि मिस्त्रींचे नाव, दोन्ही खराब होत आहेत.

तक्रार सर्वांच्या ओळखीची आहे. गाडी चांगली चालते, पण उतारावर किंवा सिग्नलजवळ रेस सोडली की सायलेन्सरमधून फट्-फट् आवाज येतो. लोक म्हणतात, ‘गाडी फटाके मारते.’ मिस्त्री पाहतो आणि म्हणतो, “सेठ, कंपनीने एक फालतू पाइप दिला आहे. तो बंद करून टाकतो. आवाजही जाईल आणि अ‍ॅव्हरेजही वाढेल.” नळीत एक छर्रा किंवा स्क्रू कोंबला जातो, आवाज थांबतो आणि मालक खूश होऊन निघून जातो.

तो ‘फालतू पाइप’ म्हणजेच सेकंडरी एअर व्यवस्था होय. मराठीत तिला ‘दुय्यम हवेची व्यवस्था’ म्हणता येईल. ती फालतू नाही. फट्-फट् आवाज हा बहुतेक वेळा तिच्यातल्या किंवा तिच्या आसपासच्या एखाद्या लहान बिघाडाचा इशारा असतो. नळी बंद केल्याने इशारा बंद होतो, बिघाड तसाच राहतो.

ही व्यवस्था करते तरी काय?

आमच्या कापडाच्या धंद्यातील उदाहरण घेऊ. ज्यांनी सायझिंगचा कारखाना पाहिला आहे, त्यांना बॉयलरची भट्टी माहीत आहे. भट्टीत लाकूड कोंबून हवा कमी दिली की चिमणी काळा धूर ओकू लागते. हा धूर म्हणजे अर्धवट जळालेले इंधन. जाणता फायरमन अशा वेळी जाळाच्या वरच्या बाजूने थोडी हवा सोडतो. त्या हवेने धूर तिथेच पेटतो आणि चिमणी स्वच्छ होते. खालून जाळाला मिळते ती पहिली हवा आणि वरून धुराला मिळते ती दुसरी हवा.

मोटारसायकलीच्या इंजिनात हेच तत्त्व लावलेले आहे. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने १ भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा लागते. कार्ब्युरेटरच्या गाडीला स्लोमध्ये इतके नेमके प्रमाण राखता येत नाही, पेट्रोल थोडे जास्त जाते. त्यामुळे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूत दोन वाईट गोष्टी उरतात. एक म्हणजे कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आणि दुसरी म्हणजे न जळालेले पेट्रोल, ज्याला हायड्रोकार्बन म्हणतात. हे वायू सिलिंडरमधून बाहेर पडताच, अजून लालबुंद गरम असतानाच, त्यांना ताजी हवा दिली तर ते तिथेच जळून जातात. कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि हायड्रोकार्बनचे पाणी व कार्बन डायऑक्साइड होते.

मात्र या जळण्यासाठी साधारण ६०० ते ७०० अंश सेल्सियस उष्णता लागते. म्हणूनच ही हवा सायलेन्सरच्या शेपटाकडे नव्हे, तर एक्झॉस्ट वाल्वच्या अगदी जवळ सोडलेली असते. वाल्वपासून जसजसे दूर जावे तसतसा वायू थंड होतो आणि मग हवा देऊन फारसा उपयोग राहत नाही.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने धुरावर निर्बंध घातले, तेव्हा १९६६ च्या मॉडेलपासून तेथील अनेक मोटारींवर पट्ट्याने फिरणारे हवेचे पंप बसू लागले. आपल्याकडे धुराचे नियम १९९१ पासून सुरू झाले आणि पुढे टप्प्याटप्प्याने कडक झाले. दुचाकींना भारत स्टेज-२ हा टप्पा २००५ मध्ये, भारत स्टेज-३ हा २०१० मध्ये, भारत स्टेज-४ हा देशभर २०१७ मध्ये आणि भारत स्टेज-६ हा २०२० मध्ये लागू झाला. या काळात कार्ब्युरेटर कायम ठेवून धूर कमी करण्यासाठी कंपन्यांनी अनेक मॉडेलांत हीच व्यवस्था बसविली. तिची नावे वेगवेगळी आहेत. बजाजच्या गाड्यांवर काम करणारे तिला ‘एसएआय’ म्हणतात, यामाहाचे लोक ‘एअर इंडक्शन’ म्हणतात, सुझुकीत ती ‘पेअर’ या नावाने ओळखली जाते. नाव कोणतेही असो, काम एकच.

तीन नळ्या, एक पत्ती, एक पडदा

मोटारसायकलीत हवा ढकलण्यासाठी पंप नसतो. इंजिन स्वतःच हवा ओढून घेते. एक्झॉस्ट वाल्व उघडला की वायूचा एक जोरदार धक्का बाहेर जातो आणि त्याच्या पाठोपाठ क्षणभर पोकळी निर्माण होते. स्लोमध्ये इंजिन मिनिटाला १४०० फेरे फिरत असेल, तर चार-स्ट्रोक इंजिनात एक्झॉस्ट वाल्व मिनिटाला ७०० वेळा उघडतो. म्हणजे ७०० धक्के आणि ७०० पोकळ्या. ही पोकळी बाहेरची हवा आत खेचते.

परंतु पुढच्या धक्क्याबरोबर गरम वायू उलटा हवेच्या नळीत शिरता कामा नये. त्यासाठी वाटेत पोलादाची एक पातळ पत्ती असते, तिला रीड वाल्व म्हणतात. ती हवेला आत जाऊ देते, पण वायूला मागे येऊ देत नाही.

आता तीन नळ्या ओळखून घ्या. पहिली जाड नळी एअर फिल्टरच्या डब्यापासून वाल्वपर्यंत येते. दुसरी जाड नळी किंवा धातूचा पाइप वाल्वपासून सिलिंडर हेडच्या एक्झॉस्ट बाजूला जातो. तिसरी नळी बारीक असते. ती कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांच्यामधील इनटेक पाइपला जोडलेली असते आणि वाल्वच्या डोक्यावर येते. सर्व गोंधळाचे मूळ बहुधा या बारीक नळीत असते.

रेस सोडली की कार्ब्युरेटरचा दरवाजा बंद होतो, परंतु चाकांच्या ओढीने इंजिन जोरात फिरतच राहते. त्यामुळे इनटेक पाइपमध्ये जबरदस्त ओढ, म्हणजे व्हॅक्यूम तयार होतो. अशा वेळी सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही आणि कच्चेच बाहेर पडते. तेव्हाच ताजी हवा मिळाली तर हे कच्चे पेट्रोल गरम पाइपात भडकते. तोच आपला फटाका. कंपनीला हे ठाऊक आहे. म्हणूनच वाल्वमध्ये रबराचा एक पडदा दिलेला असतो. व्हॅक्यूम वाढला की बारीक नळीतून ओढ पडद्यावर येते, पडदा सरकतो आणि हवा तेवढ्यापुरती बंद होते.

म्हणजे ही व्यवस्था ठीक असेल तर ती स्वतःच फटाका टाळते. फटाका वाजतो तो ती बिघडल्यावर, किंवा हवा दुसऱ्या कोणत्या तरी चोरवाटेने आत येऊ लागल्यावर.

तपासणी स्वस्तापासून महागाकडे

आमच्या बाजारात कापडात दोष दिसला की जाणता माणूस आधी सूत पाहतो, मग माग पाहतो, आणि मगच कारागिरावर बोट ठेवतो. गाडीचेही तसेच. ज्याला पैसे लागत नाहीत ते आधी तपासावे, नवा भाग सर्वांत शेवटी घ्यावा.

पहिली पायरी, आवाज ओळखा. फक्त रेस सोडल्यावर सायलेन्सरमधून फट्-फट् येत असेल, तर पुढील तपासणी लागू पडते. रेस देताना कार्ब्युरेटरकडून ‘फुस्स-फट्’ असा आवाज येत असेल, तर ते दुखणे वेगळे आहे. तेथे पेट्रोल कमी पडणे, प्लग, करंटची वेळ किंवा टॅपेट पाहावेत.

दुसरी पायरी, बेंड पाइपचे गॅस्केट. सायलेन्सरचा बेंड पाइप सिलिंडर हेडला जेथे मिळतो, तेथील गॅस्केट जळालेले असेल किंवा नट ढिले असतील, तर तेथूनही बाहेरची हवा खेचली जाते आणि फटाके वाजतात. सांध्याभोवती काजळीचा काळा डाग हा त्याचा पुरावा. गाडी थंड असताना चालू करावी आणि हात सांध्याजवळ धरावा, लावू नये. वायूची फुंकर जाणवली तर आधी गॅस्केट बदलावे. कित्येक गाड्यांचे दुखणे इथेच संपते.

तिसरी पायरी, नळ्या. गाडी बंद व थंड करून टाकी किंवा बाजूचे कव्हर काढावे आणि तिन्ही नळ्या बोटांनी दाबून, वाकवून पाहाव्यात. उन्हाने आणि इंजिनच्या उष्णतेने रबर कडक होते. सरळ असताना चीर दिसत नाही, वाकविल्यावर तोंड उघडते. टोकांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण चीर बहुधा तेथेच पडते. गोदामात उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या नळ्या उंदीरही कुरतडतात. बारीक नळी फाटली असेल तर दोन दुखणी एकदम होतात. पडद्याला ओढ पोहोचत नाही म्हणून फटाके वाजतात आणि इनटेक पाइपात चोरटी हवा शिरते म्हणून स्लो एकसारखा राहत नाही. नवी नळी घेताना पेट्रोल व उष्णता सोसणारी, त्याच मापाची घ्यावी. पाण्याची प्लॅस्टिक नळी व्हॅक्यूमने चपटी होते.

चौथी पायरी, ओढ पाहणे. एअर फिल्टरकडून येणारी जाड नळी फिल्टरच्या बाजूने सोडवावी. गाडी चालू करून किंचित रेस द्यावी आणि नळीच्या तोंडाशी पातळ कागदाचा लहान तुकडा धरावा. कागद हलक्या झटक्यांनी नळीकडे ओढला गेला तर हवा जात आहे. कागद बाहेर फेकला जात असेल आणि नळीतून गरम, वासाचा वायू येत असेल, तर पत्ती निकामी झाली आहे. ओढही नाही आणि फुंकरही नाही, असे असेल तर वाट कोठे तरी बंद आहे. ती काजळीने बंद आहे की कोणी मुद्दाम बंद केली आहे, हे पाहावे. तपासताना कागद नळीत जाणार नाही याची काळजी घ्यावी.

पाचवी पायरी, पडदा. यासाठी महागडे यंत्र नसले तरी औषधाच्या दुकानात मिळणारी मोठी सिरिंज चालते. गाडी बंद व थंड असावी. बारीक नळी इनटेक पाइपापासून काढून तिला सिरिंज जोडावी आणि दट्ट्या ओढावा. ओढून सोडल्यावर दट्ट्या आपोआप मागे खेचला गेला, तर पडदा शाबूत आहे. तो ओढला तेथेच थांबला, तर पडदा फाटला आहे किंवा नळी गळते आहे. दट्ट्या ओढून धरला असताना फिल्टरकडच्या नळीतून हलके फुंकून पाहावे, हवा जाता कामा नये. दट्ट्या सोडल्यावर हवा गेली पाहिजे. दोन्ही गोष्टी घडल्या तर पडदा आपले काम करतो आहे.

सहावी पायरी, पत्ती. वाल्व उघडता येण्याजोगा असेल तर पत्ती पाहावी. ती बैठकीवर सपाट बसली पाहिजे. मधून उजेड दिसत असेल, रबराची बैठक तडकली असेल किंवा काजळीचा खडा अडकला असेल, तर हवा दोन्हीकडे वाहते. काजळी मऊ कापडाने पुसावी. पत्ती वाकवून ‘सरळ’ करण्याचा प्रयत्न करू नये, ती पुन्हा कधी नीट बसत नाही. कॉम्प्रेसरची जोराची हवाही मारू नये, तिने पत्ती वाकते. रबराचा पडदा पेट्रोल किंवा थिनरमध्ये धुऊ नये, तो फुगतो. पत्ती खराब असेल तर कंपनी देते तसा पूर्ण भाग बदलावा.

सातवी आणि शेवटची पायरी, कार्ब्युरेटर. वरील सर्व ठीक असेल तरच एअर फिल्टर, प्लग, टॅपेट आणि कार्ब्युरेटर यांच्याकडे वळावे. येथे एक गोष्ट मिस्त्री बंधूंनी लक्षात ठेवावी. दुय्यम हवा चालू असताना धुराचे वाचन घेतले, तर ती हवा मिश्रणाचा खरा दोष झाकते. म्हणून मिश्रण जुळविताना हवा तात्पुरती बंद करावी असे कंपनीच्या पुस्तकात सांगितले असेल, तर तसेच करावे. परंतु काम झाल्यावर नळी पुन्हा जोडण्यास विसरू नये.

एका गाडीची हकिकत

आमच्या दुकानातून माल पोहोचविणाऱ्या मुलाच्या गाडीचे असेच झाले. स्लो वरखाली व्हायचा आणि रेस सोडली की फटाके वाजायचे. रस्त्यावरील एका मिस्त्रीने बारीक नळी दुमडून तार बांधली आणि जाड नळीत छर्रा घातला. स्लो सुधारला, आवाजही गेला. मुलगा म्हणाला, “चाचा, मिस्त्री खरे बोलत होता, पाइपच खराब होता.”

पुढे पीयूसीची तारीख आली. गाडी नापास झाली. दुसऱ्याने मार्ग काढला, कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवून पेट्रोल कमी केले. गाडी कशीबशी पास झाली, पण चढावर दम तोडू लागली आणि इंजिन भट्टीसारखे तापू लागले. त्यावर तिसरा सल्ला मिळाला, “कार्ब्युरेटर नवा टाका.” शेवटी एका वयस्क उस्तादांनी गाडी थंड होऊ दिली, टाकी उतरवली आणि बारीक नळीचे तोंड वाकवून दाखविले. तेथे चीर होती. नळी बदलली, छर्रा काढला, स्क्रू पुन्हा जागेवर आणला. फटाके बंद, स्लो स्थिर, पीयूसी पास. नळीची किंमत एका जेवणापेक्षा कमी होती.

या हकिकतीत समजण्यासारखी गोष्ट अशी की पहिला मिस्त्री खोटे बोलत नव्हता. नळी दुमडल्याने चोरटी हवा थांबली, म्हणून स्लो खरोखर सुधारला. त्यावरून त्याने निष्कर्ष काढला की व्यवस्थाच वाईट आहे. ‘पाइप बंद केल्याने गाडी सुधारते’ ही समजूत बाजारात पसरली, तिचे मूळ येथे आहे. सुधारणा झाली ती गळती थांबल्याने, हवा बंद केल्याने नव्हे. नवी नळी घातली असती तरी तेवढीच सुधारणा झाली असती, आणि धूरही स्वच्छ राहिला असता.

अ‍ॅव्हरेजचेही तसेच. दुय्यम हवा सिलिंडरच्या पुढे, बाहेर जाणाऱ्या वायूला मिळते. पेट्रोल त्याआधीच जळून चुकलेले असते. ती हवा बंद करून कार्ब्युरेटरच्या गाडीत एक थेंबही वाचत नाही.

बंद नळीची खरी किंमत

२००० सालानंतर बनलेल्या चार-स्ट्रोक दुचाकींना पीयूसीमध्ये कार्बन मोनॉक्साइड ३.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ४५०० पीपीएम ही मर्यादा लावण्यात आली. नव्या टप्प्यातील गाड्यांसाठी नियम आणखी कडक आहेत. नळी बंद केली की गाडी या मर्यादेकडे सरकते. मग ती पास करण्यासाठी पेट्रोल कमी केले जाते. पेट्रोल कमी झाले की इंजिन तापते, आणि तापलेल्या इंजिनाचा एक्झॉस्ट वाल्व जळतो. अशा रीतीने एका नळीचे दुखणे हेड उघडण्यापर्यंत जाते.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात धुराचे नियम मोडल्यास पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. शिवाय लायसन्स ३ महिन्यांसाठी निलंबित होऊ शकते. ज्याची मजुरी गाडीवर आहे त्याला लायसन्स जाणे दंडापेक्षा जड जाते.

उलट बाजूही पाहावी. फटाके वाजत असताना कोणताच इलाज न करणे हेही नुकसानीचे आहे. अनेक गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. त्याच्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मौल्यवान धातूंचा थर असतो. कच्चे पेट्रोल वारंवार तेथे जाऊन भडकले, तर जाळी तापून वितळते किंवा तडकते. आणि हा भाग नळीसारखा स्वस्त मिळत नाही.

सर्वांत मोठी किंमत मात्र माणसाच्या जिवाची आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आमच्या अरुंद गल्ल्यांत गॅरेज तळमजल्यावर असते आणि माळ्यावर कुटुंब राहते. शटर अर्धे खाली ओढून इंजिन चालू ठेवणे म्हणजे स्वतःच्या, शागिर्दांच्या आणि वरच्या लेकरांच्या जिवाशी खेळ आहे. इंजिनाची चाचणी नेहमी उघड्यावर करावी. डोके दुखू लागले, गरगरले, तर ‘पेट्रोलचा वास चढला’ म्हणून बसून राहू नये, ताबडतोब मोकळ्या हवेत यावे.

नव्या गाड्या आणि मोटारी

२०२० नंतरच्या दुचाकींत कार्ब्युरेटरची जागा बहुतेक ठिकाणी फ्युएल इंजेक्शनने घेतली आहे. अशा गाडीत दुय्यम हवा असेल तर ती उघडबंद करण्याचे काम विजेवर चालणारा वाल्व करू शकतो. येथे आणखी एक धोका आहे. सायलेन्सरमध्ये ऑक्सिजन सेन्सर असतो. हवेचा वाल्व उघडाच अडकला, तर सेन्सरला जास्त हवा दिसते, संगणकाला वाटते की पेट्रोल कमी पडते आहे, आणि तो पेट्रोल वाढवितो. अशा गाडीत मात्र अ‍ॅव्हरेज खरोखर घटते. तेथेही इलाज नळी कोंबणे हा नसून वाल्व आणि त्याची वायरिंग तपासणे हा आहे.

काही मोटारींत, विशेषतः जुन्या आयात जर्मन गाड्यांत, विजेचा पंप असतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर साधारण २५० ते ३०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय काम सुरू करीत नाही. म्हणून थंड इंजिन चालू केल्यावर हा पंप मिनिट-दीड मिनिट हवा ढकलतो आणि कन्व्हर्टर लवकर गरम करतो. स्कॅनरवर पी ०४१० किंवा पी ०४११ हे कोड आले की बिघाड या व्यवस्थेत आहे. पी ०४१० हा व्यवस्थेतील दोषाचा आणि पी ०४११ हा हवेचा प्रवाह अयोग्य असल्याचा कोड आहे. पी ०४१२ वाल्वच्या सर्किटकडे आणि पी ०४१८ पंपाच्या रिलेकडे बोट दाखवितो.

इथेही क्रम तोच. आधी फ्यूज, मग रिले, मग पंपाच्या सॉकेटवर करंट, मग नळ्या, आणि शेवटी पंप. गाडी गरम असताना पंप चालतच नाही, तेव्हा ‘पंप जळाला’ असा निकाल देण्याआधी गाडी पूर्ण थंड होऊ द्यावी. पंप उघडल्यावर आत गंज किंवा पाणी दिसले, तर दोष पंपाचा नसून एकदिशा वाल्वचा आहे. तो वाल्व गळला की सायलेन्सरमधील ओलसर वायू उलटा येतो आणि पंप सडवितो. केवळ पंप बदलला तर नवा पंपही त्याच वाटेने जाईल.

खरेदी-विक्री करणाऱ्यांसाठी

जुनी मोटारसायकल घेताना तिन्ही नळ्या पाहाव्यात. दुमडलेली नळी, तिच्यावर तार किंवा प्लॅस्टिकची पट्टी, जाड नळीत हाताला लागणारा कठीण छर्रा, हेडवरील पाइप काढून ठोकलेला बोल्ट, या खुणा दिसल्या की समजावे की गाडीचे एखादे दुखणे दडविले गेले आहे. सौदा मोडावाच असे नाही, पण दुरुस्ती करून मागावी किंवा किंमत कमी करून घ्यावी.

आणि विकणाऱ्याने ते स्वतःहून सांगावे. ताग्यात डाग असेल तर तो घडीच्या आत लपवून विकणारा व्यापारी एकदाच कमावतो. मालातील ऐब उघड सांगून विकणाऱ्याकडे तेच गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येते. गॅरेजच्या धंद्यातही हा नियम चालतो. नळीत छर्रा घालणाऱ्या मिस्त्रीला त्या दिवशी पैसे मिळतात. चीर पडलेली जुनी नळी गिऱ्हाइकाच्या हातात ठेवून “हे पाहा, हा दोष होता” असे सांगणाऱ्या मिस्त्रीकडे ते गिऱ्हाईक आपल्या भावाची आणि शेजाऱ्याची गाडीही घेऊन येते.

तेव्हा गाडीमालकांनी दोन सवयी लावून घ्याव्यात. दर सर्व्हिसिंगला या तीन नळ्या वाकवून पाहण्यास सांगावे, आणि कोणी ‘पाइप बंद करतो’ म्हटले तर आधी विचारावे, “आवाज कोठून येतो ते सापडले का?” मिस्त्री बंधूंनी आपल्या पेटीत एक मोठी सिरिंज आणि योग्य मापाच्या नळीचे दोन तुकडे ठेवावेत. शागिर्दाला पाना धरायला शिकविताना नळी वाकवून पाहायलाही शिकवावे.